परातीतलं नितळ पाणी

वैशाख लागला की उज्जैनला पाय दिसायला लागतात.

एरवी दिसत नाहीत असं नाही. पण एरवी ते माणसांना जोडलेले असतात आणि आपण माणसांच्या तोंडाकडे बघतो. पंचक्रोशी यात्रेचे दिवस आले की सगळं उलटं होतं. देवास गेटच्या बस स्टँडवर खेड्यापाड्यांतून आलेल्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागतात. डोक्यावर पीठ-मिठाची गाठोडी घेऊन माणसं उतरतात, चेहरे गाठोड्यांच्या सावलीत जातात आणि उन्हात उरतात ते नुसते पाय. भेगाळलेले, चांदीच्या कड्यांचे, अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेले, नखावर जुना आलता राहिलेले. हे पाय आता पाच दिवस अनवाणी चालणार असतात आणि गाव त्यांच्यासाठी तयार होऊन बसलेलं असतं. कुणी टाक्या भरतं, कुणी तेल कोमट करतं, कुणी मलमाच्या डब्या घेऊन मांडवात बसतं. आमच्या घरच्या मराठी कॅलेंडरवर तेव्हा चैत्रच चालू असतो, ही आणखी एक गंमत; इकडचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आमचा अमावास्येनंतर. गावाचा वैशाख आणि आमचा चैत्र एकाच उन्हात भाजतात आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

मी स्कूटरवरून शाळेत जाताना मुद्दाम देवास गेटावरून जाते. लांब पडतं, पण पाय बघायला मिळतात. पाय बघणं हा माझा छंद नव्हता. तो मला लागला, लावला गेला. कुणी लावला आणि कसा, ते सांगायची परवानगी मला सहा वर्षांनी, अगदी आत्ता मिळाली आहे.

माझे आजोबा अहमदनगरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले. येताना त्यांनी आजी, एक पेटी आणि प्रभू येशू ख्रिस्त, असे तिघे सोबत आणले. त्यातली पेटी तेवढी आता बेसूर झाली आहे. आमचं चर्च छोटं आहे. सगळे हजर असले तर ऐंशी-पंच्याऐंशी डोकी. आम्ही पाच-सहा मराठी घरं, काही हिंदी, काही झाबुआकडची, दोन-तीन केरळची. उपासना हिंदीत, भांडणं ज्याच्या त्याच्या भाषेत. दाराशी एक कडुलिंब आहे आणि त्याच्याभोवती दगडी पार. त्या पारापाशी सगळ्यांनी चपला काढायच्या आणि अनवाणी आत जायचं, ही आमची पहिल्यापासूनची रीत.

माझं या मंडळीतलं स्थान म्हणाल तर मी नाताळच्या नाटकातला दुष्ट राजा. बाईमाणूस असून ही भूमिका मला मिळते, कारण एवढा आवाज कुणाकडेच नाही. एका वर्षी मी सिंहासनावरून अशी हसले की पहिल्या रांगेतलं तान्हं बाळ थेट बाहेर न्यावं लागलं. त्याच्या आईनं नंतर येऊन माझं अभिनंदन केलं. हे मी बढाई मारायला सांगत नाही. माझ्यातला हा राजा पुढे एका दिवशी नको तिथे जागा झाला, म्हणून सांगते.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. ख्रिस्तानं धरला जायच्या आधी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले होते. गुरू असून कमरेला टॉवेल गुंडाळून, गुडघ्यांवर बसून. आणि सांगितलं होतं की मी केलं तसं तुम्हीही एकमेकांचं करा. म्हणून त्या संध्याकाळी आमचे पास्टर मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. भैरवगढच्या छापाच्या चादरी घातलेल्या बारा खुर्च्या, पितळेची परात, तांब्या, पांढरा टॉवेल. बघायला फार सुंदर दिसतं.

आता आतली गोष्ट. त्या बारांत नाव लागलं की माणूस आधी घरी जाऊन पाय घासतो. साधेसुधे नाही, वज्रीनं घासतो. मी स्वतः गरम पाण्यात मीठ टाकून अर्धा तास पाय बुडवून बसायचे, टाचा घासायचे, नखं कापायचे, वर खोबरेल लावायचे. एकदा फिकट गुलाबी नेलपॉलिशसुद्धा लावलं होतं. हे सगळेच करायचे. पास्टर साहेबांच्या हातात मळका पाय कसा द्यायचा. परिणाम असा की बारा माणसांचे चोवीस पाय धुऊन झाले तरी परातीतलं पाणी विहिरीतून काढल्यासारखं नितळ. विधी संपला की सॅम्युएलमामा ती परात उचलून बाहेर नेत आणि ते पाणी लिंबाच्या मुळाशी ओतत. इतक्या वर्षांत त्या पाण्यानं लिंबाला मातीचा एक कण दिला नसेल.

सॅम्युएलमामा माझे सख्खे मामा नाहीत, सगळ्या चर्चचे मामा. भुसावळचे. रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणारे. आयुष्य खडीवर चालण्यात गेलं. मामी वारल्यावर देवास गेटमागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. मुलगी लांब, आसामात. चर्चची घंटा मामांची, खुर्च्या मामांच्या, परात घासून चकचकीत करणं मामांचं. इतक्या वर्षांत त्या बारांमध्ये ते कधी बसले नव्हते. तांब्या धरणारा माणूस खुर्चीत कसा बसणार.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी नाताळ झाला आणि मामा आत यायचे बंद झाले. बंद म्हणजे चर्चला यायचे, सगळ्यांच्या आधी यायचे, पण पारावर चपलांपाशी बसून राहायचे. पायांत कॅनव्हासचे बूट, नाड्या करकचून बांधलेल्या.

"मामा, आत या ना," मी म्हटलं.

"तू जा. मी चपला बघतो. कुत्रं हिंडून राहिलंय इथं."

आणि खरंच जानेवारीत कुत्र्यानं चप्पल पळवली. माझीच. डावी. सोनेरी बक्कल असलेली, नाताळला घेतलेली. मी एक पाय उंच धरून, पास्टरीणबाईंची एक स्लिपर घालून घरी गेले, आणि त्यावर पुढचे तीन रविवार मी सगळ्यांना साग्रसंगीत गोष्ट सांगितली. कुत्रं कसं असेल, त्यानं डावीच का निवडली, त्याच्या बायकोला ती कशी झाली असेल. सगळे हसले. मामा पण हसले. त्यानंतर मामांनी दाराशी बसणं सगळ्यांना पटलंच. आम्ही आत निश्चिंतपणे गायला लागलो.

हळूहळू आम्हाला त्यातला अर्थही दिसायला लागला. माणसाला अर्थ दिसायला लागला की सावध व्हायला हवं, हे मला आता कळतं. आमचे पास्टर तरुण, झाबुआकडचे, मनाचे फार चांगले. फेब्रुवारीत त्यांनी प्रवचनात सांगितलं, "हम सब आगे की कुर्सी ढूँढते हैं. हमारे सैम्युएल अंकल को देखिए. प्रभू ने सेवक बनना सिखाया, और ये हमारी चप्पलों के पास बैठे हैं." आम्ही सगळ्यांनी माना वळवून उघड्या खिडकीतून बाहेर बघितलं. पारावर मामांची पाठ दिसत होती. वाकलेली, पांढऱ्या शर्टातली, लिंबाची पिवळी पानं खांद्यावर पडलेली. माझे तर डोळे भरून आले. पाठीला बघून डोळे भरून आलेली मी एक बाई. उठून पुढून जाऊन बघावं, हे काही सुचलं नाही.

मग चैत्र आला. माळव्यात गहू कापून होतो, वारा कोरडा होतो, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. ईस्टरच्या आधीचा पुण्यसप्ताह लागला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, अजून लख्ख ऊन असताना, आम्ही बारा जण खुर्च्यांवर बसलो आणि मोजलं तर अकराच. निवृत्त हेडमास्तर मुलीकडे देवासला गेले होते, त्यांची बस निघालीच नव्हती. एक खुर्ची रिकामी. पास्टर कमरेला टॉवेल गुंडाळून उभे.

"सैम्युएल अंकल को बुलाइए," ते म्हणाले.

काय सांगू, मला तो क्षण इतका आवडला. इतक्या वर्षांचा तांब्या धरणारा माणूस आज खुर्चीत. मी खुर्चीतून उठलेच. माझे घासलेले, तेल लावलेले पाय घेऊन, सगळ्यांच्या देखत मधल्या वाटेनं चालत बाहेर गेले. राजाची चाल होती ती, नंतर लोकांनी सांगितलं.

मामा पारावर होते. "नको, नीमा."

"मामा, पास्टर साहेब बोलावताहेत."

"रहने दे ना. चपला कोण बघणार?"

"आज कुत्र्याला सुट्टी," मी म्हटलं, दारातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. दारातले हसले. मी मामांचा हात धरला. ते उठले, कारण एवढ्या लोकांसमोर ओढाताण करणारा माणूस तो नव्हे. ते बूट घालूनच आत आले, आणि चालताना भिंतीला हात लावत होते. मला वाटलं, संकोच. खुर्चीत बसवलं. "बूट," कुणीतरी म्हणालं. मामा हलले नाहीत. मग मी काय केलं, तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. पास्टरांच्याही आधी. माझ्या अंगात आलं होतं.

"नीमा," मामा अगदी हळू म्हणाले, "सगळ्यांसमोर नको गं."

हे मी ऐकलं. ऐकून नाडी सोडली. हे मला लिहिताना आजही थांबावं लागतं.

आधी वास आला. मग मोजा. मोजा म्हणजे मामींच्या जुन्या साडीचं फडकं होतं, हळदीनं पिवळं, आणि करंगळीच्या बाजूला दुसऱ्याच रंगाचं. पहिल्या रांगेतल्या दोघी मागे सरकल्या. पेटी थांबली. मामा कुणाकडेच बघत नव्हते. परातीत बघत होते, त्या नितळ पाण्यात, जिथे त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत असणार.

पास्टरांनी तांब्या उचलला. तेवढ्यात मागून लिसी सिस्टरचा आवाज आला, "पानी नहीं. पानी बिलकुल नहीं डालना."

लिसी सिस्टर केरळच्या, दवाखान्यात नर्स. ड्युटी संपवून आल्या होत्या, अजून पांढऱ्या साडीतच. त्या पुढे आल्या, माझ्या शेजारी बसल्या, फडकं उलगडलं आणि मामांना विचारलं, "कब से?"

"क्रिसमस के पहले से."

"शुगर है?"

"है."

"दुखता है?"

"नहीं दुखता," मामा म्हणाले, जणू ही चांगली बातमी.

लिसी सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. न दुखणं हीच वाईट बातमी, हे त्या नजरेतून मला कळलं. करंगळी काळी पडली होती.

तर असं झालं बघा. इतक्या वर्षांत त्या परातीपुढे एक पाय असा आला ज्याला खरोखर कुणीतरी हातात घ्यायची गरज होती, आणि आमच्या पाण्याचा त्याला उपयोग नव्हता. बाकीची दहा स्वच्छ माणसं चादरी घातलेल्या खुर्च्यांवर बसून राहिली. पास्टरांनी मामांना दोन्ही हातांवर उचललं. झाबुआचं मजबूत शरीर. उचलून बाहेर नेलं आणि ऑटोत बसवलं. कमरेचा टॉवेल तसाच होता. मला आठवतं, ऑटो वळताना त्या टॉवेलाचं टोक बाहेर फडफडत होतं आणि रस्त्यावरचा एक पोहेवाला विचारत होता, "क्या हो गया पादरी साहब को?"

तो विधी त्या वर्षी अर्धाच राहिला. मला नेहमी वाटतं की आमच्या चर्चमध्ये पूर्ण झालेला तो पहिलाच.

डॉक्टर म्हणाले, पाय घोट्यापासून जाऊ शकतो. आठवडाभर आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले, आणि तो आठवडा मी मनात रविवारांनी मोजला. चौदा-पंधरा रविवार आम्ही त्या बुटांपाशी चपला काढल्या होत्या. तिथेच, वीतभर अंतरावर. शनिवारी करंगळी काढली. रविवारी ईस्टर. आम्ही गाणी म्हटली, पण प्रत्येक जण अधूनमधून पारावरच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. चपला कुणी नेल्या नाहीत. कुत्रं आलंच नाही.

पाय राहतो की जातो, हे पुढच्या महिनाभरात ठरणार होतं. दहा दिवसांनी मामा घरी आले. रोज ड्रेसिंग, पाय खाली टेकवायचा नाही, शुगर ताब्यात. आणि आता आमच्या मंडळीच्या प्रेमाला जो पूर आला म्हणता. मामांच्या खोलीत बसायला जागा मिळेना. प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा आणि प्रत्येकाच्या डब्यात गोड. ईस्टरचा केक, शेवयांची खीर, एका मावशींनी तर जिलेबी आणली, "बेचारे का मुँह कड़वा हो गया होगा." शिवाय प्रार्थना. हेडमास्तर प्रार्थनेला उभे राहिले की जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करत, करंगळीपर्यंत पोचायला वीस मिनिटं. एकदा लिसी सिस्टर जखम उघडून बसल्या होत्या आणि प्रार्थना इजिप्तमध्ये होती. त्या म्हणाल्या, "सर, घाव खुला है. आमेन बोलिए." त्यांनी त्याच दिवशी दारावर कागद चिकटवला. मीठा नहीं लाना. प्रार्थना छोटी करना. एक बार में दो आदमी.

मला त्यांनी काम दिलं. सकाळचं ड्रेसिंग. मला म्हणाल्या, "आपने जूता खोला था ना. अब आप बाँधिए." शिक्षा होती की कृपा, मी अजून ठरवलेलं नाही. तीन दिवस त्यांनी शिकवलं. हात कसे धुवायचे, हातमोजे कसे चढवायचे, सलाइननं आतून बाहेर कसं पुसायचं, पट्टी किती घट्ट. पहिल्या दिवशी वास थेट नाकात गेला. मी तोंडानं श्वास घेत होते आणि चेहरा आनंदी ठेवत होते. एवढी वर्षं स्टेजवर काढली, एवढं येतं.

"नाटक करून राहिलीस," मामा म्हणाले.

"हो."

"नको करूस. वास येतो. मला माहीत आहे."

मग मी तोंड हवं तेवढं वाकडं केलं, आणि काम सोपं झालं.

पहिले काही दिवस ते भिंतीकडे बघत पडायचे. कॉटवर मामींच्या वेळची भैरवगढी चादर, तिच्यावरचं एकेक फूल बोटानं गिरवत राहायचे. एका सकाळी, पट्टी बांधून होत आली असताना, मी विचारून टाकलं. "मामा, रागावलात माझ्यावर?"

"कशाबद्दल?"

"नाडी सोडली म्हणून."

त्यांनी चादरीवरचं फूल पुरं गिरवलं. खिडकीतून बस स्टँडचा गोंगाट येत होता. "डिसेंबरात फोड आला," ते म्हणाले. "म्हटलं, बरा होईल. मग वास यायला लागला. आत चपला काढून बसायचं म्हणजे सगळ्यांना कळणार. बरोबरीचा एक गँगमन होता माझ्या. त्याचा पाय कापला, मग तो कॉटवरून उठला नाही. भेटायला सगळे गेले. एकदा. नंतर कुणी गेलं नाही. मी पण नाही गेलो."

"आम्ही आलो असतो."

"आता आलात ना. तेव्हा मला कुठे माहीत होतं." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "आणि सांगू? मी सांगणार होतो. फेब्रुवारीत. पास्टर साहेबांना बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं. तर त्याच रविवारी त्यांनी प्रवचनात मला संत करून टाकलं. मी बाहेर बसून ऐकत होतो. आता संताचा पाय सडला म्हणून कुणाला सांगू?"

माझ्या हातात पट्टीचं टोक होतं. ते मी कुठे खोचायचं विसरले.

"त्या कॉटखाली बघ," मामा म्हणाले. "ट्रंकेच्या मागे."

मी वाकून बघितलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चप्पल. डावी. सोनेरी बक्कल.

"कुत्रं नव्हतं," मामा म्हणाले. "बाहेर बसायला कारण पाहिजे होतं मला. तुझीच घेतली, कारण म्हटलं तू गोष्ट करशील. सगळ्यांना पटेल."

मी जमिनीवर बसून हसले. राजासारखी नाही, साधी. मामाही हसले, पाय हलला, आणि मी ओरडले, "हलवू नका." माझी उजवी चप्पल मी एवढे महिने आशेनं ठेवली होती. ती जोडी आता पुरी आहे. घालत नाही, पण आहे.

"पण याचं नाटक करू नकोस, नीमा," ते म्हणाले. "चप्पलचं नको, पायाचं नको. मी सांगीन तेव्हा कर."

मी शब्द दिला. माझ्यासारख्या बाईनं असा शब्द देणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

त्याच दिवसांत पंचक्रोशी सुरू झाली. मामांची कॉट आम्ही खिडकीशी ओढली होती. गावाबाहेरून फिरून आलेले यात्रेकरू परतीच्या बससाठी खालच्या मांडवात टेकायचे. फोड आलेले, कापडानं बांधलेले, धुळीनं राखाडी झालेले पाय. गावातली माणसं स्टुलांवर बसून ते मांडीवर घ्यायची, धुवायची, मलम लावायची. एक म्हातारी होती, मामांच्याच वयाची असेल. एक अनोळखी दुकानदार तिच्या पायातला काटा काढत होता. तिनं पाय असा पुढे केला होता जसा आपण चहासाठी कप पुढे करतो. दुसऱ्या हातानं ती शांतपणे भुईमुगाच्या शेंगा खात होती.

मामा खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"बघ," ते म्हणाले, "तिला काही वाटत नाही. पाय आहे, काटा आहे, दे पुढे." मग म्हणाले, "प्रभूच्या त्या बारा शिष्यांतला पण एक जण नाही म्हणाला होता ना? प्रभूला म्हणाला, माझे पाय नको. मला नेहमी वाटायचं, किती नम्र माणूस. आता वाटतं, त्याच्या पायाला काहीतरी झालं असेल."

धर्मशास्त्राच्या दृष्टीनं याला काही आधार नाही. पण मी तेव्हापासून ती गोष्ट ऐकते तेव्हा मला त्या शिष्याचा पाय दिसतो, फडक्यात बांधलेला, आणि गुडघ्यांवर बसलेला ख्रिस्त दिसतो, ज्याला आधीच सगळं माहीत आहे आणि जो मोठ्यानं काही बोलत नाही. धुवायला बसणं मला जमण्यासारखं होतं. बसले होतेच की मी, सगळ्यांच्या समोर, पास्टरांच्याही आधी. तो जे करत होता ते वेगळं होतं. त्यानं समोरच्याच्या लाजेला आडोसा दिला असणार. कमरेचा टॉवेल त्यासाठीही असेल.

महिना झाला, दीड महिना झाला. रोज सकाळी पट्टी उलगडताना मी श्वास धरायचे आणि लिसी सिस्टर एक दिवसाआड येऊन बघायच्या. एका सोमवारी त्यांनी जखमेच्या कडेवर बोट धरलं. "देखो, गुलाबी." मी कधीकाळी नखांना लावलेल्या पॉलिशचाच रंग होता तो. इतका सुंदर रंग मी त्याआधी बघितला नव्हता. पाय राहिला. पहिल्या पावसाच्या आधी मामा काठी घेऊन, उघड्या बोटांच्या रुंद चपलेत, पारापर्यंत चालत आले. तिथे चप्पल काढली. एका पायाला चार बोटं. सगळ्यांना दिसली. मग ते आत गेले आणि पहिल्या रांगेत बसले.

पुढच्या वर्षीपासून पास्टरांनी एकच नियम केला. गुरुवारी घरून पाय धुऊन यायचं नाही. काही मंडळी नाराज झाली, हेडमास्तरांनी तर लेखी हरकत घेतली. पण आता त्या परातीतलं पाणी पाचव्या माणसापर्यंत चहासारखं होतं आणि दोनदा बदलावं लागतं. लिंबाची काय परिस्थिती आहे ते मी सांगायला नको, यंदा मोहोर असा आला की उपासनेत शिंका येत होत्या.

मामा आता पंच्याहत्तरीला आले. उपासनेला आत बसतात, पण तिच्याआधी अर्धा तास पारावर असतात. चर्चमध्ये ज्यांना ज्यांना शुगर आहे, आणि बघितलं तर अर्धं चर्च आहे, त्यांना मामांपुढे तळवे दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही. हेडमास्तरसुद्धा काठीला टेकून एकेक पाय वर करतात. नाल ठोकायला आणलेल्या घोड्यासारखे, पण करतात. मागच्या महिन्यात मामांनीच मला म्हटलं, "आता सांग ती गोष्ट. पण बोट एकच गेलं असं नीट सांग. लोक दोन सांगून राहिले."

गेल्या रविवारी मी उशिरा पोचले. आत गाणं सुरू झालं होतं, तरी मामा अजून पारावरच होते. मी चपला काढल्या आणि मामांच्या समोरून सटकायला बघितलं.

"नीमा."

"मामा, गाणं सुरू झालंय."

"लिसी सांगत होती. रिपोर्ट आला तुझा."

मला वाटलं होतं, कुणाला कळलं नाही. आठ दिवस मी घरातही सांगितलं नव्हतं. "शुगर थोडीशीच आहे," मी म्हटलं. "बॉर्डरवर."

"पाय."

"अहो, सगळे बघताहेत."

दारातले दोघेतिघे खरंच बघत होते. मामांनी वर मान करून त्यांच्याकडे बघितलं, मग ते पारावर थोडे सरकले, माझ्या आणि दाराच्या मधे येतील असे. त्यांच्या पाठीनं दार झाकलं गेलं. पांढरा शर्ट, लिंबाची पानं. मी एक हात लिंबाच्या बुंध्याला लावला आणि पाय वर केला. माझ्या टाचेवर देवास गेटची सगळी धूळ होती. मामांनी चष्मा लावला, पाय मांडीवर घेतला, खिशातल्या रुमालानं तळवा पुसला, आणि अंगठा प्रत्येक बोटाच्या मधून सावकाश फिरवला.

"दुखतं कुठे?"

"दुखतं. टाचेला. भेग आहे."

"दुखतं ना? मग चांगलं आहे," ते म्हणाले. पाय खाली ठेवला, दुसरा घेतला, तोही बघितला. रुमाल झटकून घडी घातली.

"जा आत," मामा म्हणाले. "चपला मी बघतो."